लाकडाच्या गॅसवर डिझेल पंपसेट: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

लाकडाच्या गॅसवर इंजिन सुरू करणं अवघड नाही. ते सहा महिने चालवणं अवघड आहे. बहुतेक ठिकाणी घडतं ते असं: गॅस पेटतो, इंजिन तो घेतं, डिझेल वाचतंय म्हणून सगळे खूश होतात, आणि पंधरा दिवसांत एका सकाळी हँडल फिरेनासं होतं. इनलेट व्हॉल्व्हच्या दांड्यावर डांबर (लाकडातून निघणारा चिकट काळा पदार्थ) गोठलेलं असतं. दोष इंजिनावर जातो, पण खरं कारण ओलसर लाकूड, घाईने उघडलेला गॅसचा व्हॉल्व्ह किंवा संध्याकाळी इंजिन गॅसवर असतानाच बंद करणं, यांपैकी एक असतं.

इथे उदाहरण घेतलं आहे ५ अश्वशक्तीच्या (३.७ किलोवॅट), एक सिलिंडरच्या, मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या, पाण्याने थंड होणाऱ्या डिझेल पंपसेटचं. गॅसिफायर, म्हणजे लाकडापासून गॅस करणारी भट्टी, खाली ओढ असलेला आणि गळा (अरुंद भाग) असलेला आहे. म्हणजे लाकूड वरून पडतं, हवा मधल्या तोंडांतून आत जाते आणि गॅस तापलेल्या कोळशाच्या गळ्यातून जाऊन खालून बाहेर पडतो. इंजिन दोन्ही इंधनांवर चालतं. लाकडाचा गॅस नुसत्या दाबाने पेटत नाही, म्हणून त्याला पेटवायला थोडं डिझेल लागतंच. शंभर टक्के गॅसवर जायचं तर स्पार्क प्लग बसवून कॉम्प्रेशन बदलावं लागतं. ते वेगळं काम आहे, या लेखात ते नाही.

## आधी हिशेब

या आकाराचं इंजिन (साधारण ५५० सीसी) १५०० फेऱ्यांवर तासाला २० घनमीटरच्या आसपास हवा ओढतं. गॅस आणि हवा जवळपास निम्मी-निम्मी लागते, म्हणजे गॅस ८ ते १० घनमीटर. एक किलो कोरड्या लाकडापासून सव्वादोन ते अडीच घनमीटर गॅस मिळतो. त्यामुळे ताशी साडेतीन ते चार किलो लाकूड धरा. पूर्ण भारावर नुसतं डिझेल ताशी सुमारे १.१ लिटर लागतं. गॅसवर नीट बसलेलं इंजिन ते ०.३ ते ०.३५ लिटरवर आणतं, म्हणजे ७० टक्क्यांच्या आसपास बचत.

ताकद मात्र घटते. १५ ते ३० टक्के कमी मिळेल असंच धरून चाला. पंप आधीच ५ अश्वशक्ती पूर्ण खात असेल तर गॅसवर इंजिन दमेल, गव्हर्नर (फेरे कायम राखणारा भाग) डिझेल पुन्हा वाढवेल आणि बचत दिसणारच नाही. ४ अश्वशक्तीत भागणारा पंप जोडा.

## पायरी १: लाकूड निवडणं, तोडणं, वाळवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढच्या निम्म्या चुका इथेच पेरल्या जातात.

चालतं काय: बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी, नारळाची करवंटी फोडून, मक्याची बुरकुंडं. पऱ्हाट्या आणि तुराट्या चालतात, पण फक्त खालचा जाड भाग, तुकडे करून. बारीक फांद्या आणि बोंडांची टरफलं झटकून टाका, ती गळ्यावर दाबून बसतात. मुळांना माती लागलेली असेल तर मुळं घेऊच नका, मातीमुळे खंगर (वितळलेल्या राखेचे गोळे) होतात.

चालत नाही काय: भाताचं तूस, सोयाबीनचं कुटार, पाचट, लाकडाचा नुसता भुसा. तुसात राख वीस टक्क्यांच्या घरात असते आणि ती बहुतांश सिलिकाची. गळ्याच्या भट्टीत ती वितळून चिकटते. पाचट इतकं हलकं असतं की खाली सरकतच नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या रचनेच्या भट्ट्या असतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पाचट आणि बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) गॅसिफायर उभा केला, तो इंजिनासाठी नव्हे, उष्णतेसाठी. पाचट फुकट मिळतं म्हणून लाकडाच्या भट्टीत घालू नका. काजूची टरफलंही नकोत, त्यांच्या तेलाची वाफ नळ्या आणि इंजिन दोन्ही खराब करते. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड आणि प्लास्टिक यांचा तर विचारही करू नका.

तुकडे २० ते २५ मिलिमीटरचे आणि एकसारखे हवेत. लांब काटक्या मिसळल्या की त्या आडव्या अडकून हॉपरमध्ये (भट्टीच्या वरच्या, लाकूड भरायच्या भागात) कमान धरतात. वरून हॉपर भरलेला दिसतो आणि खाली पोकळी होते. तुकडे करून झाल्यावर चाळून घ्या, चाळणीखालचा चुरा भट्टीत जाऊ देऊ नका.

ओल २० टक्क्यांच्या आत हवी, १२ ते १५ असेल तर उत्तम. नुकतंच तोडलेलं लाकूड निम्म्याच्या जवळपास पाणीच असतं. ते पाणी वाफ होताना भट्टीची उष्णता खातं, गळ्याचं तापमान उतरतं, आणि जे डांबर तिथे मोडून जायला हवं ते तसंच इंजिनाकडे निघतं. लाकूड आधी फोडा, मग वाळवा. अखंड ओंडका वर्षभर पडून असला तरी आतून ओलाच राहतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कोरडं लाकूडही हवेतली ओल परत घेतं. म्हणून मे महिन्यातच पूर्ण हंगामाचे तुकडे पत्र्याच्या छपराखाली, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर रचून ठेवा. उद्याचं लाकूड आज रात्री भट्टीशेजारी, पण सुरक्षित अंतरावर ठेवलं तर शेवटची ओलही निघते.

तपासणी: ५०० ग्रॅम तुकडे वजन करून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. ४२५ ग्रॅम उरले तर ओल १५ टक्के. ४०० च्या खाली गेले तर तो ढीग आज वापरू नका. हाताने अंदाज घेण्याची सवय असली तरी पहिल्या हंगामात वजनानेच ठरवा.

## पायरी २: भट्टी आणि पहिला भराव

इतक्या लहान इंजिनाला गळ्याचा व्यास ५० ते ६० मिलिमीटर पुरतो. "थोडी मोठीच घेऊ, पुढे मोठं इंजिन लावता येईल" हा विचार महागात पडतो. मोठ्या गळ्यातून गॅस हळू जातो, तिथलं तापमान १००० अंशांपर्यंत चढत नाही आणि डांबर वाढतं. भट्टी इंजिनाच्या मापाचीच हवी.

पहिल्यांदा जाळीपासून हवेच्या तोंडांच्या वर १० सेंटिमीटरपर्यंत लोणारी कोळसा भरा. लाकूड नाही, कोळसाच. आकार १० ते २० मिलिमीटर, चाळलेला, भुकटी नसलेला. सुरुवातीला गळ्याखाली तापलेला कोळसा नसेल तर तयार झालेल्या डांबराला मोडणारं काहीच नसतं. कोळशावर लाकूड हॉपरच्या तीन चतुर्थांशापर्यंत. रोज नवा कोळसा लागत नाही, आदल्या दिवशीचा आतच असतो. फक्त तोंडांपर्यंतची पातळी पाहून भर घाला.

## पायरी ३: गॅसची साफसफाई आणि थंडावा

क्रम असा ठेवा: सायक्लोन (गॅस गरगर फिरवून धूळ पाडणारं भांडं), कूलर, भुशाचा किंवा काथ्याचा जाड फिल्टर, शेवटी कापडी फिल्टर. मग ब्लोअर (गॅस ओढणारा पंखा, त्याला वळसा घालणाऱ्या बायपास नळीसह), आणि त्याच्यापुढे दोन वाटा: एक चाचणी बर्नरकडे, दुसरी इंजिनाकडे.

सायक्लोन गरम बाजूलाच असू द्या. गॅस थंड झाल्यावर पाणी सुटतं, त्यात काजळी मिसळून चिखल होतो आणि सायक्लोनला तो उचलता येत नाही. कूलरच्या तळाशी पाणी काढायला कॉक हवाच. कापडी फिल्टर ओला झाला की हवा-गॅस काहीच सोडत नाही, म्हणून त्याच्याआधी पाण्याचा थेंब उरता कामा नये.

इंजिनाशी गॅस ४० अंशांच्या खाली हवा. ८० अंशांवर आला तर त्याच सिलिंडरमध्ये सुमारे ११ टक्के कमी गॅस मावतो, आणि अजून वाफेत असलेलं डांबर फिल्टर ओलांडून थेट मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) जाऊन थिजतं. पाण्याचा स्क्रबर (गॅस पाण्याने धुणारं भांडं) वापरत असाल तर त्या पाण्यात फिनॉल ही विषारी द्रव्यं असतात. ते विहिरीकडे, ओढ्याकडे किंवा पिकाला सोडू नका. टाकीत साठवून तेच पुन्हा फिरवा.

गॅसची नळी दीड इंची, शक्य तितकी सरळ आणि इंजिनाकडून फिल्टरकडे उताराची. बर्नरच्या नळीला पाण्याचं कुलूप द्या: गॅस ५ सेंटिमीटर पाण्यातून बुडबुडत गेला पाहिजे. त्यामुळे ज्योत मागे पळत नाही.

इंजिनाच्या एअर फिल्टरनंतर टी-जोड बसवून हवा आणि गॅस दोन्हींना स्वतंत्र बटरफ्लाय व्हॉल्व्ह द्या. हवेला व्हॉल्व्ह न देणं ही फार आढळणारी चूक आहे. हवेची वाट मोकळी असेल तर इंजिनाला गॅस ओढायचं कारणच उरत नाही.

## पायरी ४: गळती तपासा

भट्टी थंड असताना ब्लोअर हवेच्या तोंडांना जोडून आत हवा ढकला, बाकी वाटा बंद करा आणि प्रत्येक जोडावर, झाकणाच्या कडेला, राखेच्या दारावर साबणाचं पाणी लावा. पाण्याच्या यू-नळीत (पाण्याच्या पातळीतल्या फरकाने दाब दाखवणाऱ्या वाकड्या नळीत) दाब २० सेंटिमीटरपर्यंत नेऊन कोंडा. दोन मिनिटांत पातळी डोळ्यांना दिसेल इतकी उतरली तर गळती आहे. गरम जोडांना सिरॅमिक दोरी लावा, रबर नको.

ही तपासणी टाळली तर काय होतं? इंजिन चालताना सगळी नळी ओढीखाली असते, म्हणून छिद्रातून गॅस बाहेर येत नाही, हवा आत जाते. ती आत जळते किंवा गॅसमध्ये मिसळून स्फोटक मिश्रण करते. बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त "गॅस कमजोर पडतोय" असं वाटत राहतं.

धोका: या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड १८ ते २२ टक्के असतो. त्याला रंग नाही, वास नाही. खोलीतल्या हवेत तो १ टक्का झाला तरी काही मिनिटांत माणसाची शुद्ध जाते. भट्टी आणि इंजिन चारही बाजूंनी उघड्या शेडमध्येच ठेवा, विहिरीच्या खड्ड्यात किंवा बंद मोटारघरात कधीच नाही. एकट्याने चालवू नका. डोकं दुखणं, मळमळ, पाय लटपटणं यांपैकी काहीही जाणवलं तर आधी बाहेर पडा, मशीन नंतर बघा. कुणी पडलंच तर श्वास रोखून त्याला मोकळ्या हवेत ओढा आणि लगेच दवाखान्यात न्या, ऑक्सिजन लागतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म डिझेलच्या काही डब्यांच्या किमतीत मिळतो, तो लावा.

## पायरी ५: पेटवणं आणि ज्योतीची परीक्षा

१. झाकण आणि राखेचं दार उघडून काही मिनिटं वारा खेळू द्या. आदल्या दिवसाचा गॅस आत असू शकतो. तोंड झाकणावर धरू नका.

२. सळईने कमान मोडा, जाळी हलवा, राख काढा, भराव पाहा, झाकण लावा.

३. इंजिनाकडचा गॅसचा व्हॉल्व्ह बंद, बर्नरची वाट उघडी. ब्लोअर सुरू करा.

४. डिझेलमध्ये बुडवलेला बोळा सळईला बांधून पेटवा आणि हवेच्या तोंडाशी धरा. ओढीने ज्योत आत जाते. सगळ्या तोंडांतून लाल दिसलं पाहिजे.

५. बर्नरवर सुरुवातीला पांढरा धूर येईल. तो पेटवायची घाई करू नका, नळीत अजून हवा आहे. पाचेक मिनिटांनी बाजूला उभं राहून, लांब काठीवरच्या पलित्याने पेटवा.

साधारण १० ते १५ मिनिटांत गॅस पेट धरतो. पण पेटला म्हणजे इंजिनाला चालला असं नाही. पलिता काढल्यावर ज्योत स्वतःच्या बळावर सलग पाच मिनिटं जळली पाहिजे, निळसर, कडेला किंचित गुलाबी-नारिंगी, धुराशिवाय. पिवळी, काजळी सोडणारी ज्योत म्हणजे डांबर. फडफडून विझणारी म्हणजे ओल किंवा गळती.

तपासणी: बर्नरच्या आधीच्या छोट्या कॉकवर पांढरं सुती कापड ताणून पाच मिनिटं गॅस त्यातून जाऊ द्या. हे करताना वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. करडा, झटकला तर उडणारा डाग म्हणजे धूळ, फिल्टर बघा. पिवळट-तपकिरी, चिकट डाग म्हणजे डांबर, इंजिनाला हात लावू नका. ही परीक्षा पहिला महिना रोज, नंतर लाकडाचा ढीग बदलेल तेव्हा करा.

## पायरी ६: इंजिन गॅसवर घेणं

इंजिन नेहमीसारखं डिझेलवर सुरू करा. थंड इंजिनाला गॅस देऊ नका, मॅनिफोल्ड थंड असेल तर उरलंसुरलं डांबर तिथेच बसतं. पाणी ६० ते ७० अंशांवर येईपर्यंत, साधारण दहा मिनिटं चालवा. पंप जोडून भार निम्म्यापेक्षा वर न्या.

आता ब्लोअर चालू ठेवूनच गॅसचा व्हॉल्व्ह थोडा उघडा. मग बर्नर बंद करा, बायपास उघडून ब्लोअर थांबवा. यापुढे इंजिनच ओढतं. गॅस हळूहळू वाढवा, हवा हळूहळू आवळा. डिझेलच्या रॅकला (डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांड्याला) हात लावायची गरज नाही. गॅसमुळे फेरे वाढू लागले की गव्हर्नर स्वतःच डिझेल मागे घेतो. फेरे पडू लागले, ठोक्याचा आवाज आला किंवा काळा धूर दिसला की एक पाऊल मागे या, तीच तुमची जागा. व्हॉल्व्हवर खूण करून ठेवा, पण ती पक्की मानू नका. लाकूड बदललं की जागा बदलते.

बचत मोजायची तर टाकी बघून नाही. डिझेलच्या नळीत मोजपट्टीची काचेची नळी बसवा आणि ५० मिलिलिटर संपायला किती वेळ लागतो ते पाहा. पूर्ण भारावर नुसत्या डिझेलने हे पावणेतीन मिनिटांत संपतं. गॅसवर नऊ मिनिटांच्या आसपास गेलं की इंजिन नीट बसलं. बारा-तेरा मिनिटांपुढे ओढायचा मोह आवरा. इंजेक्टरचं तोंड त्यातून जाणाऱ्या डिझेलनेच थंड राहतं. डिझेल पंधरा-वीस टक्क्यांच्या खाली गेलं की तोंडावर कार्बन बसतो, फवारा बिघडतो, आणि वाचवलेले पैसे नव्या नोझलमध्ये जातात.

## पायरी ७: चालू असताना

यू-नळ्या दोन ठिकाणी लावा: भट्टीनंतर आणि कापडी फिल्टरनंतर. पहिल्या दिवशी, सगळं स्वच्छ असताना, भारावरचे आकडे भिंतीवर लिहा. पुढे भट्टीनंतरचा आकडा दुप्पट झाला तर जाळी राखेने किंवा चुऱ्याने भरली आहे. तो आहे तसाच आणि फक्त दुसरा वाढला तर फिल्टर. भट्टीनंतरचा आकडा एकदम घसरला आणि गॅस गरम येऊ लागला तर कमान धरली आहे, झाकणाजवळच्या सळईने हलवा.

जाळी दर तास-दीड तासाने हलकीच हलवा. जोरात हलवली तर चांगला कोळसाही खाली पडतो आणि डांबर मोडणारा थरच पातळ होतो.

लाकूड हॉपरच्या एक तृतीयांशावर आलं की भरा. भरताना गॅसचा व्हॉल्व्ह बंद करून इंजिन तेवढा वेळ डिझेलवर ठेवा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा, चेहरा बाजूला ठेवूनच झाकण उचला. धग एकदम उसळू शकते. लाकूड संपेपर्यंत थांबलात तर हवा कोळशात घुसते आणि गॅसऐवजी नुसती आग उरते.

भार मध्येच निम्म्याच्या खाली जात असेल (ठिबकचे व्हॉल्व्ह बदलताना असं होतं) तर तेवढा वेळ डिझेलवर या. कमी ओढीत गळा थंडावतो आणि डांबर सुटतं. एकसारख्या भाराचा पंप या यंत्रणेला मानवतो, चढउतार करणारी पिठाची गिरणी तितकी मानवत नाही.

## पायरी ८: बंद करणं

क्रम बदलू नका.

१. हवा पूर्ण उघडा, गॅस पूर्ण बंद करा.

२. भट्टीच्या हवेची तोंडं बंद करा. बर्नरची वाट थोडी उघडी ठेवा, आत गॅस काही वेळ तयार होतच राहतो आणि त्याला बाहेर जायला जागा हवी.

३. इंजिन नुसत्या डिझेलवर दहा मिनिटं चालवा. व्हॉल्व्हच्या दांड्यावरचा पातळ थर गरम असतानाच जळून जातो. रात्रभर थंड झाला की तोच गोंद होतो.

४. मग इंजिन थांबवा. भट्टी थंड झाल्यावर सगळ्या वाटा बंद करा.

धोका: बंद केल्यावर भट्टी गरम असेपर्यंत तिचं झाकण किंवा राखेचं दार उघडू नका. आत गॅस आणि निखारे असतात, तिथे हवा शिरली की भडका उडतो. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच टाका. वरून विझलेल्या राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा सापडतो.

## देखभाल

पहिल्या ५० तासांनंतर इनलेट मॅनिफोल्ड उघडून बोट फिरवा. कोरडी काजळी असेल तर चालेल. बोटाला चिकट काळं लागलं तर पायरी १ आणि पायरी ५ पुन्हा वाचा, इंजिनात काही बदलू नका. मॅनिफोल्ड आणि व्हॉल्व्हचे दांडे थिनरने धुऊन पूर्ण कोरडे करून बसवा.

इंजिन ऑइल कंपनीने दिलेल्या मुदतीच्या निम्म्यावर बदला. गॅसमधली बारीक धूळ पिस्टन रिंगांवरून ऑइलमध्ये उतरते आणि बेअरिंग घासते. भुशाचा फिल्टर काळा आणि ओलसर झाला की भुसा बदला. तो भुसा वाळवून पुन्हा घालण्याची काटकसर करू नका. कापडी फिल्टर धुतल्यावर उन्हात खडखडीत वाळल्याशिवाय बसवू नका.

आणि कधी सकाळी हँडल जड लागलं, तर दोघांनी मिळून जोर लावू नका. व्हॉल्व्ह चिकटलेला असताना फिरवलं की पुश रॉड वाकतो. रॉकरचं झाकण काढा, दांड्यावर थोडं डिझेल सोडा, अर्धा तास थांबा, मग लाकडी ठोकळ्याने व्हॉल्व्ह वरून हलकेच दाबून तो स्वतः परत येतो का ते पाहा. परत आला तरच फिरवा. त्या दिवशी पूर्ण वेळ डिझेलवर चालवा आणि गॅस पुन्हा जोडण्याआधी सुती कापडाची परीक्षा घ्या.